चढावर मागं जाणारी गाडी आणि मागून वाजणारे हॉर्न

प्रश्न : मी साताऱ्यात समर्थ मंदिराच्या परिसरात राहते. वय ३८. यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात, शनिवार-रविवार येतात. मुलीची शाळा, माझं ऑफिस आणि सासूबाईंचा दवाखाना एकटीनं सांभाळायचा म्हणून सहा महिन्यांपूर्वी पाच वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली. लायसन्स आहे, सपाट रस्त्यावर बरी चालवते. पण संध्याकाळी पोवई नाक्याकडून राजवाड्याला आणि तिथून वर घराकडं येताना जीव मुठीत धरावा लागतो. गर्दीत चढावर थांबले की गाडी मागं जाते. मागं स्कूटीवाले अगदी चिकटून उभे असतात. मी घाईनं क्लच सोडते, गाडी बंद पडते आणि हॉर्नचा भडिमार सुरू होतो. हल्ली करपल्यासारखा वासही येतो. घरी पोचेपर्यंत डोकं इतकं तापतं की मुलीवर विनाकारण ओरडते. यजमान शेजारी बसले की सारखं 'ब्रेक, ब्रेक' करतात आणि म्हणतात, जमत नसेल तर रिक्षा लाव. खरंच सोडून द्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, सोडू नका. तुमच्या पत्रात पाच-सहा तक्रारी दिसतात, पण त्या एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. गाडी मागं जाईल या धास्तीनं तुम्ही घाई करता. घाईत क्लच एकदम सुटतो म्हणून गाडी बंद पडते. बंद पडू नये म्हणून तुम्ही क्लच अर्धा दाबून गाडी चढावर तोलून धरत असणार, त्यातूनच वास येतो. मागचे हॉर्न आणि घरातली चिडचिड या सगळ्यानंतरची. म्हणून आधी चढ सोडवू. बाकीचं निम्मं त्यातच सुटेल.

गाडी किती मागं जाते, हे एकदा आकड्यांत पाहा, भीती जरा आटोक्यात येते. दहा फुटांना एक फूट चढणारा रस्ता घ्या. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी मोकळी राहिली तर अर्ध्या सेकंदात ती जेमतेम चार-पाच इंच सरकते, एका सेकंदात साधारण दीड फूट आणि दोन सेकंदांत सहा फूट. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होतं. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेऊन क्लच पकडेपर्यंत नवशिक्याला सेकंद-दीड सेकंद सहज लागतो आणि मागची स्कूटी दोन फुटांवर असते. म्हणजे तुमची भीती खोटी नाही. फक्त पाय जास्त चपळ करणं हा त्यावरचा उपाय नाही. तेवढा वेळ गाडी दुसऱ्या कशानं तरी धरून ठेवायची, आणि त्यासाठी हँडब्रेक दिलेला आहे.

सराव सुरू करण्याआधी हँडब्रेक तपासून घ्या, कारण पाच वर्षांच्या गाडीत त्याची केबल ताणलेली असू शकते आणि मागचे ब्रेक लायनरही झिजलेले असतात. मध्यम चढावर, मागं कुणी नसताना, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. पाय ब्रेकच्या वरच असू द्या. गाडी जागची हलता कामा नये. ओढताना 'कट कट' आवाज मोजा. बहुतेक हॅचबॅकमध्ये पाच ते सात खटक्यांत तो घट्ट बसायला हवा, तुमच्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. नऊ-दहा खटके वर येऊनही गाडी सरकत असेल तर गॅरेजमध्ये 'मागचे ड्रम उघडून साफ करा, लायनर बघा आणि मग केबल ॲडजस्ट करा' असं स्पष्ट सांगा. नुसती केबल ताणून दिली तर लायनर ड्रमला घासत राहतात, चाकं तापतात आणि ॲव्हरेज पडतं.

आता चढावरून गाडी उचलण्याचा क्रम. गाडी पायाच्या ब्रेकनं पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा. पुढची रांग हलायला वेळ असेल तर न्यूट्रल करून दोन्ही पाय मोकळे सोडा. रांग हलू लागली की क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर न्या आणि इंजिनाचा आवाज एकसारखा घुमेल इतकीच रेस द्या. इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर असेल तर काटा दीड हजाराच्या आसपास. मग डावी टाच जमिनीला टेकलेली ठेवून क्लच हळू वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होईल, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल आणि गाडी पुढं ओढ घेऊ लागेल. तिथं पाय थांबवा. पुष्कळजणांची चूक इथंच होते, ओढ जाणवली की ते पाय झटकन काढतात. पाय तिथंच धरून हँडब्रेक खाली सोडा. गाडी मागं न जाता पुढं सरकते. ती सहा-सात फूट पुढं गेली की मगच क्लच उरलेला सोडा. हँडब्रेक सोडल्यावर गाडी मागं जात असेल तर क्लच पुरेसा वर आलेला नव्हता. हँडब्रेक सोडायच्या आधीच इंजिन थरथरत बंद पडत असेल तर रेस कमी पडली. चुकलंच तर पायाचा ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा आणि पहिल्यापासून सुरू करा.

एसी चालू असेल तर तीव्र चढावर तो तेवढ्यापुरता बंद करा. लहान पेट्रोल इंजिनावर कंप्रेसरचा भार चांगलाच जाणवतो आणि नेमका उचलतानाच कंप्रेसर सुरू झाला की गाडी दम टाकते.

गाडी बंद पडली की तुम्ही आधी किल्ली फिरवत असाल. बहुतेक सगळे तसंच करतात. पण आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग क्लच दाबून किल्ली, मग पहिला गिअर. यात पाच-सहा सेकंद जातात. इंजिन बंद असताना एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक लागतं, स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक फेल झाला असं समजून घाबरू नका. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनावर चालतो, इंजिन बंद झालं की ती मदत संपते. पाय जोरानं दाबलात तर ब्रेक लागतो. याच कारणासाठी सकाळी घराकडून राजवाड्याकडं उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणं कटाक्षानं टाळा. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच वेग धरून ठेवतं आणि ब्रेक वाचतात. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना तर हे जास्तच पाळायला हवं. सारखा ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. जुनी गाडी घेताना ते कधी बदललं होतं हे सहसा कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारून घ्या.

आता त्या वासाबद्दल, कारण तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. क्लच अर्धा दाबलेला असताना इंजिनाकडची चकती एका वेगानं फिरत असते आणि चाकांकडची दुसऱ्या. दोघींत घासणी होते. गाडी उचलताना ती दोन सेकंदं होणं स्वाभाविक आहे. पण चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरली की तीच घासणी मिनिटभर चालते आणि प्लेट अक्षरशः करपते. म्हणून एक नियम करून टाका, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर गाडी ब्रेकनंच धरायची, क्लचनं नाही. एरवी गाडी चालताना डावा पाय क्लचवर विसावलेला असतो का, तेही बघा. नुसत्या पायाच्या वजनानंही आतलं बेअरिंग झिजत राहतं. गिअर बदलला की पाय बाजूला, जमिनीवर.

प्लेट अजून शाबूत आहे का, ते रिकाम्या सपाट रस्त्यावर कळतं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगानं जाताना ॲक्सिलरेटर झटकन दाबा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेग मात्र रेंगाळत वाढला तर प्लेट घसरू लागली आहे, मेकॅनिककडं जा. आवाज आणि वेग बरोबरीनं वाढले तर अजून काही बिघडलेलं नाही, सवय बदलली की वास थांबेल. वास नेमका कुठून येतो हेही हुंगून पाहा. पुढून, बॉनेटकडून आला तर क्लच. मागच्या चाकापाशी आला आणि हात जवळ नेल्यावर धग लागली तर हँडब्रेक पूर्ण सुटत नाही. रस्त्यातच जोराचा वास आला तर गाडी कडेला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या.

बसण्याची पद्धत आणि पायातलं पादत्राण, यावर शिकवणीत फार कमी बोललं जातं. क्लच तळापर्यंत दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली. पाय ताणून क्लच दाबावा लागत असेल तर पाय थांबवण्यावर ताबा राहतच नाही. बॉनेटची कड दिसत नसेल तर खाली घट्ट उशी घ्या, घसरणारी नको. पायात मागं पट्टा असलेली सपाट चप्पल किंवा बूट घाला. जाड तळव्याच्या सँडलमधून क्लचची ती ओढ पायाला कळत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली किंवा डबा कधीही ठेवू नका. उतारावर तो पुढं येऊन ब्रेकखाली अडकतो.

चढावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? सपाट रस्त्यावर पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं पुरतं. चढावर त्याहून जास्त, साधारण एका गाडीच्या लांबीइतकं, १२-१३ फूट. पुढचाही मागं येऊ शकतो, वडाप (प्रवासी भरून नेणारी जीप) असेल तर तिच्यात माणसं गच्च भरलेली असतात. पुढची गाडी तीन फूट हलली की लगेच तुम्हीही हलायची गरज नाही. तीन-तीन फुटांच्या पाच हालचालींत क्लच पाच वेळा तापतो. पंधरा फूट जागा होऊ द्या आणि एकदाच जा. मधल्या जागेत दुचाकी घुसणारच. घुसू द्या. दोन दुचाकी पुढं गेल्या म्हणून तुम्हाला जो उशीर होतो तो सेकंदांत मोजायचा. रांगेतल्या एका चारचाकीमागं साधारण दोन सेकंदं जातात, म्हणजे तीन गाड्या पुढं घुसल्या तरी सहा सेकंदं. ही सहा सेकंदं सोडायला तुम्ही मनानं तयार झालात की संध्याकाळचा बराचसा संताप जागच्या जागी विरतो, कारण त्याचं मूळ बहुतेक वेळा 'माझी जागा घेतली' एवढंच असतं.

मागं चिकटलेल्या स्कूटीचं काय? थांबण्याच्या बेतात असतानाच ब्रेक दोनदा हलका दाबून सोडा. मागचा दिवा लुकलुकला की बरेचजण आपसूक अंतर ठेवतात. थांबल्यावरही कुणी अगदी जवळ आलं तर काच खाली करून हात बाहेर काढा आणि पंजा मागच्या बाजूला करून दोनदा ढकलल्यासारखा हलवा. ही खूण सगळ्यांना समजते आणि कुणाला अपमान वाटत नाही. मागच्या काचेवर 'नवीन चालक, चढावर अंतर ठेवा' असं ठळक मराठीत लावून घ्या, फक्त काचेतून मागचं दिसण्याला आडवं येणार नाही इतकं खाली. यात लाज कसली? मागच्याला आगाऊ कळलं तर तो स्वतःच सांभाळतो.

हॉर्नबद्दल. आपल्याकडं हॉर्न हा बहुतेक वेळा 'मी इथं आहे' एवढंच सांगत असतो. ट्रकवाले तर मागच्या फळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून तो मागूनच घेतात. म्हणून मागं हॉर्न वाजला की काहीतरी केलंच पाहिजे, ही समजूत काढून टाका. एक आखूड हॉर्न म्हणजे शेजारून कुणीतरी निघतोय, दिशा न बदलता सरळ राहा. लांब, सलग हॉर्न म्हणजे मागच्याचा धीर सुटलाय. त्याच्या धीराची जबाबदारी तुमच्यावर नाही. तुमच्या हातून त्याला इजा होऊ नये, एवढीच तुमची जबाबदारी, आणि त्यासाठी हँडब्रेक ओढलेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून विनाकारण हॉर्न वाजवण्यालाही दंड आहे आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. तुम्ही स्वतः हॉर्न दोनच ठिकाणी वापरा, पुढचं दिसत नाही अशा वळणावर आणि कुणी न बघता तुमच्या वाटेत येतंय असं दिसल्यावर. दोन्ही ठिकाणी आखूड.

डिपर मारण्याचा, म्हणजे हेडलाइट लुकलुकवण्याचा, अर्थ मात्र पक्का लक्षात ठेवा. परदेशात राहून आलेले लोक तो 'तुम्ही जा' असा लावतात. आपल्या रस्त्यावर समोरचा डिपर मारतो तेव्हा तो 'मी येतोय, तुम्ही थांबा' असं सांगत असतो. तसाच ट्रकचा उजवा इंडिकेटर. महामार्गावर कधी त्याचा अर्थ 'ओव्हरटेक करा' असतो, कधी 'मी उजवीकडं वळतोय'. उजवीकडं फाटा, पेट्रोल पंप किंवा दुभाजकातली मोकळी जागा दिसत असेल तर त्या खुणेवर कधीही विसंबू नका.

गर्दीच्या चौकात समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघून अंदाज बांधता येत नाही. तो मोबाइलवर असेल, नजर तिसरीकडं असेल. त्याचं पुढचं चाक बघा. वाहन वळण्याआधी चाक वळतं. रिक्षावाल्याची मान डावीकडं वळली किंवा कडेला कुणी हात दाखवला की पुढच्या दोन सेकंदांत रिक्षा थांबणार असं धरून चाला. कडेला लावलेल्या गाडीत माणूस दिसला किंवा ब्रेकचा लाल दिवा लागलेला दिसला तर दार उघडणार असं समजून दार मावेल इतकी जागा सोडा. राजवाडा, मोती चौक या भागात हे रोज लागेल. एसटी डावीकडं वळत असेल तर तिच्या डाव्या बाजूनं पुढं जाण्याचा मोह टाळा. लांब गाडी आधी थोडी उजवीकडं जाते आणि मग वळते, मागची चाकं आतून कापत येतात आणि त्या कोपऱ्यातलं चालकाला दिसत नाही. ऊस गाळपाच्या दिवसांत शेंद्रेच्या बाजूला जाल तेव्हा दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात मागून ओळखू येत नाही, कारण मागचे दिवे बऱ्याचदा नसतात आणि रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेले असतात. रात्री तिथं वेग तुमच्या हेडलाइटच्या उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच ठेवा. ४० च्या वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर तिथंच गेले, मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी नऊ-दहा मीटर. पावसात त्याहून कितीतरी जास्त.

पोवई नाक्यावर आठ रस्ते मिळतात. २०२१ पासून खालून ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता, आहे, त्यामुळं प्रश्न वरच्या गर्दीपेक्षा आयत्या वेळी निर्णय बदलण्याचा जास्त झालाय. वरून जायचं की खालून, हे घरून निघतानाच ठरवा आणि शंभर मीटर आधी त्या बाजूला या. चुकून खालचा रस्ता लागला तर जिथं निघेल तिथं निघा आणि वळून या. तोंडाशी थांबून गाडी मागं घेऊ नका. आत शिरताना गॉगल काढा आणि हेडलाइट लावा, उन्हातून सावलीत डोळे सरावायला काही सेकंदं जातात. बाहेर पडतानाही चढच आहे. तिथं रांग थांबली तर वरचाच हँडब्रेकचा क्रम. वरच्या चौकात गोल फिरणाऱ्या वाहनाला आत येणाऱ्यानं वाट द्यायची, असा २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत नियम आहे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्यानं वाट द्यावी, हाही त्यातलाच. बोगद्याकडं किंवा यवतेश्वरला जाताना तो तुमच्या बाजूचा आहे, पण समोरचा पाळतोय हे दिसल्यावरच पुढं व्हा.

तुमचं घर कासच्या वाटेवर पडतं, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्या समर्थ मंदिरावरूनच वर जातात. यातले बरेच चालक चढाला नवखे असतात, तुमच्या पुढचाच मागं येऊ शकतो. त्या दिवसांत सुट्टीच्या दिवशीची बाजाराची कामं सकाळी आठच्या आत उरका. आठवड्याच्या गर्दीच्या वेळेसाठीही हेच. घर ते पोवई नाका हे अंतर तीन-चार किलोमीटरचं. ताशी २० च्या सरासरीनं चार किलोमीटरला १२ मिनिटं लागतात, २४ नं १० मिनिटं. रस्त्यावर जीव काढून वाचतात ती ही दोन मिनिटं. घरातून दहा मिनिटं आधी निघालात तर ती पाचपट परत मिळतात.

रुग्णवाहिका मागून आली तर गडबडू नका. डावा इंडिकेटर द्या, जागा मिळेल तशी डावीकडं सरका आणि थांबा. चढावर असाल तर हँडब्रेक. तिला वाट न देण्याचा दंड केंद्रीय कायद्यात १०,००० रुपये आहे, पण आत कुणाचा तरी माणूस आहे, हे कारण पुरेसं आहे.

चढावर गाडी उभी करताना पहिला गिअर आणि हँडब्रेक दोन्ही लावा. उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स गिअर. जागा तीव्र असेल तर चाकाला दगड लावा आणि तो लावलाय हे स्टिअरिंगवर चिठ्ठी ठेवून लक्षात ठेवा.

कधी धक्का लागलाच तर जागेवर हँडब्रेक, चारही इंडिकेटर, किल्ली काढून खाली उतरा आणि आधी माणूस बघा. कुणाला लागलं असेल तर १०८, भांडण वाढत असेल तर ११२. दोन्ही वाहनांचे नंबरप्लेटसह फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. रस्त्यात उभं राहून पैशाची बोलणी करू नका. समोरचा दुचाकीस्वार अल्पवयीन निघाला तरी हेच. अशा वेळी कायद्यानं पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो, त्यात २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांना बोलावणं हाच नीट मार्ग.

आता रागाचं. त्याला मी दुय्यम मानत नाही, कारण त्याचा चटका तुमच्या मुलीला बसतोय. चढावर थांबल्यावर हँडब्रेक ओढला की दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवा आणि खांदे खाली सोडा. स्टिअरिंग घट्ट आवळलेलं असतं तेव्हा पायही ताठरतात आणि ताठ पायाला क्लचची ओढ जाणवत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, तीनदा. शिवी देणाऱ्याकडं बघू नका, बघितलं की तो थांबतो आणि थांबला की भांडण होतं. घराशी गाडी लावल्यावर लगेच उतरू नका. इंजिन बंद करून दोन मिनिटं बसा. मुलगी सोबत असेल तर तिला सांगा, 'आईला दोन मिनिटं दे.' मुलं हे समजून घेतात. त्यांना समजत नाही ते कारण नसताना आलेलं ओरडणं.

यजमानांना सांगा, मागच्या सीटवर बसा, पट्टा लावा आणि घरी पोचेपर्यंत काही बोलू नका. शेजारच्याच्या 'ब्रेक' या शब्दानं शिकणाऱ्याचा पाय क्लचवरून निसटतो, यात त्यांचं वाईट चिंतणं नाही, पण परिणाम तोच. जमत असेल तर मोटार ट्रेनिंग स्कूलकडून पाच दिवस फक्त चढाचा सराव घ्या, तुमच्याच गाडीवर, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो.

हा सराव कसा करायचा तेही लिहून देतो. हँडब्रेक दुरुस्त झाल्यावर सकाळी सहा-साडेसहाला वस्तीतला हलका चढ निवडा. मागं कुणाला उभं करू नका. मागच्या बंपरपासून तीन फुटांवर रिकामं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. पहिल्या दिवशी गाडी पुढं न्यायचीच नाही. क्लच ओढ घेतो ती जागा सापडली की परत दाबायचा, एवढंच पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण क्रम. दर आठ-दहा वेळांनंतर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये थांबा, नाहीतर सरावातच क्लच तापेल. मग त्याच चढावर खोकं दोन फुटांवर आणा, त्यानंतर जास्त तीव्र चढ घ्या. सलग वीस वेळा खोक्याला धक्का लागला नाही की त्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी कमी असताना, राजवाड्याकडून वर एकट्याच या. संध्याकाळी साडेसहाला त्यानंतरच्या आठवड्यात.